मंद्रूपचा पास

मंद्रूप कधी बघून पास द्यायची नाही. आम्ही तिला गावाच्याच नावाने हाक मारायचो. मेंढरं राखणाऱ्या घरातली ही ताडमाड मुलगी सोलापूरच्या आमच्या क्रीडा वसतिगृहात प्रत्येक दारातून वाकून शिरायची. आणि हातात आलेला बास्केटबॉल थेट तिथे फेकायची, जिथे कुणीच उभं नसायचं.

चेंडू रेषेबाहेर जायचा, सर शिट्टी फुंकायचे, आम्ही हसायचो. मीसुद्धा. एकदा मी चिडून विचारलं, असं का करतेस? ती म्हणाली, "मेंढराला दगड लागू द्यायचा नसतोय. त्येच्या म्होरं पाडायचा. कुटं सुटणार हाय ते मानंवरनं कळतंय की."

"म्हणजे आम्ही मेंढरं?"

"मेंढरं लवकर शिकत्यात."

जिल्हा संघ निवडायची वेळ आली तेव्हा सरांनी तिला वगळायचं ठरवलं. तिला संघात खेळता येत नाही, म्हणाले. संघ सुटला की वसतिगृह सुटणार, आणि मग ती परत कळपामागे. माझं रक्त उसळलं. चळवळीतल्या वडिलांनी मला अक्षरओळखच पत्रकांवरून करून दिलेली. मी झणझणीत पत्रक लिहिलं, खेळाडूचं गाव बघू नका, खेळ बघा, आणि भोजनगृहाच्या दाराला खळीने चिकटवलं.

मंद्रूपने ते उभ्याने पूर्ण वाचलं. मग कडेकडेने सोलून माझ्या हातात ठेवलं. "लई भारी लिवलंयस. पर तू पळतच न्हाईस. तू पळ की."

मला कानफटात बसल्यासारखं झालं.

संध्याकाळी निवडीआधीचा शेवटचा सराव सामना होता. चेंडू तिच्याकडे गेला, आणि मी पहिल्यांदाच तिच्या हातांकडे न बघता मोकळ्या कोपऱ्याकडे सुसाट पळाले. मागे वळले नाही. चेंडू माझ्या पुढे एक टप्पा घेऊन बरोबर छातीशी आला. मी बास्केट केली. मग दुसरी पळाली, तिसरी पळाली. सरांची शिट्टी तोंडातच राहिली. तिचं नाव यादीत आलं.

आज ती परदेशातल्या क्लबकडून खेळते, खेळावरच पोट भरते. तिचा तिथला पहिला सामना मी मोबाइलवर पाहिला. तिने मोकळ्या जागेत चेंडू फेकला, तो बाहेर गेला, तिथल्या मुलींनी हात पसरले. मी पुढचे सामनेही पाहत राहिले. तिसऱ्या सामन्यात त्यांतली एक न बघता पळाली.

मी अजून पत्रकं लिहिते. पण हल्ली नुसतं चिकटवून घरी जात नाही, पळतेही.