फोटोपुरते मेलेले रॅमन काका

मंडळी, आज जर्सी सिटीतल्या आमच्या बिल्डिंगच्या लॉन्ड्री रूममध्ये जे पाहिलं, ते डोक्यातून जाईना.

शेजारचे रॅमन काका एकेकाळी फिलिपिन्समध्ये बास्केटबॉल खेळायचे. एकाही टीमने फार दिवस ठेवून घेतलं नाही. गुडघा गेल्यावर सिनेमात गुंड झाले आणि दर वेळी हीरोच्या हातून मेले.

आज त्यांच्याच देशातल्या एका बाईंनी त्यांना ओळखलं. काका खुलले. "माझ्या मॅचेस बघायचात?"

"मॅचेस? नाही हो. तुम्ही मरता फार छान! तसाच एक फोटो द्या ना!"

काका हसले आणि फरशीवर आडवे झाले. डोळे मिटले.

फोटो काढून बाई गेल्या. मी म्हटलं, "काका, उठा."

डोळे न उघडताच म्हणाले, "अजून कुणी कट म्हटलेलं नाही."

माझ्याच्यानं म्हणवलं नाही. तुमच्याच्यानं म्हणवलं असतं?