बिभीषणचा आवाज

पाचोडच्या पंचक्रोशीत बिभीषणला न ओळखणारं घर विरळाच. शहरातल्या छावणी भागात नानासाहेबांची गुंतवणूक सल्ल्याची फर्म आहे, तिथं तो तरुणपणीच लागला. मोटारसायकलवर गावोगाव जायचा, ओसरीत मांडी घालून बसायचा. म्युच्युअल फंडाचं नाव निघायच्या आधी घरातल्या प्रत्येकाची विचारपूस व्हायची. लोक सही करायचे ती त्याच्या शब्दावर.

मग नानासाहेबांची लेक श्रेया कामात आली. तिनं अ‍ॅप आणलं आणि फोनवर मराठीत उत्तरं देणारी यंत्रणाही. पण तो परका आवाज ऐकून म्हातारी माणसं फोन ठेवून द्यायची.

"काका, तुमचाच आवाज घालू या," श्रेया म्हणाली.

बिभीषणनं हौसेनं रेकॉर्डिंग केलं आणि त्यावरून यंत्र त्याच्याच आवाजात हवं ते बोलू लागलं. 'रामराम, बिभीषण बोलतोय. तब्येत बरीय ना?' एवढं कानावर पडलं की लोक मोकळं बोलायचे. पार देवगाव रंगारीकडची नवी घरं जोडली गेली. फर्मनं वरचा मजलाही घेतला.

पुढच्या वर्षी त्याचा घसा बसला तो सुटेना. कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, बोलणं गेलं.

तो घरी आल्यावर म्हाळसाबाई भेटायला आल्या. मेंढरांमागं आयुष्य काढलेली बाई, त्याची सगळ्यात जुनी ग्राहक.

"आजारी हायेस म्हनं? अन् परवा तर फोनवर चांगला बोललास."

बिभीषणनं मान हलवली आणि मफलर बाजूला केला. गळ्यातलं छिद्र बघून म्हाळसाबाई त्याच्याजवळ सरकल्या.

"मंग माझ्यासंगं कोन बोलत व्हतं?"

"मशीन होतं, मावशी," बिभीषणची बायको रत्नमाला म्हणाली. "आवाज तेवढा यांचा."

म्हाळसाबाई हळूच म्हणाल्या, "आमचे मालक गेले, बिभीषणा. तुला फोनवर सांगताना लई रडले मी. काळजी घ्या म्हनलास. तुला ठावंच नाय व्हय?"

त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं त्यांचा हात हातात घेतला आणि स्वतःचे डोळे पुसायचंही त्याला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात गेला. मोबाइलवर टाइप करून त्यानं नानासाहेबांपुढं धरलं: 'माझा आवाज काढून टाका.'

"अरे, लोकांना तोच लागतो," नानासाहेब म्हणाले.

त्यानं पुन्हा टाइप केलं: 'त्यांना वाटतं मी ऐकतोय.'

श्रेयानं ते वाचलं आणि वडिलांकडं न बघता मान डोलावली. त्याच आठवड्यात तो आवाज कायमचा पुसला गेला. नवा आवाज आधीच सांगू लागला की मी माणूस नाही. काही ग्राहक तुटले, बरेचसे राहिले.

"बरं केलंत," रत्नमाला नवऱ्याला म्हणाली.

ऑपरेशननंतर दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून ती फर्मच्या नंबरवर फोन लावायची, हे त्याला माहीत नव्हतं. ऑफिस किती वाजता उघडतं, एवढंच विचारायची आणि उत्तर संपेपर्यंत कान लावून ऐकायची. घरात त्याच्या आवाजाचं दुसरं काहीच नव्हतं. रोज बोलणाऱ्या माणसाचं बोलणं कोण साठवून ठेवतं?

एका दुपारी बिभीषण पाचोडला गेला, म्हाळसाबाईंजवळ नुसतं बसायला. रत्नमालानं सवयीनं नंबर लावला. पलीकडून अनोळखी बाईचा गोड आवाज आधी म्हणाला, मी माणूस नाही; मग विचारू लागला, काय मदत करू?

"काही नाही," रत्नमाला म्हणाली, आणि फोन तसाच कानाशी धरून उभी राहिली.