दुर्बिणीच्या थंडाव्याची पेटी

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत देवसिंग राठोडच्या शेडला लागूनच माझं रंगकामाचं शेड आहे. तो विजेचे पॅनल बनवतो, मी त्याच्या पेट्या रंगवतो. आर्णी-कळंबकडच्या विहिरींवरच्या मोटारी फोनवरून चालू-बंद करणारे निम्मे मोबाइल स्टार्टर त्याच्याच हातचे. अशा माणसाकडे रेडिओ दुर्बिणीचं काम आलं तेव्हा मी हसलो होतो, हे कबूल करून टाकतो.

काम आणलं श्रेयसनं. श्रेयस यवतमाळचा, बाप-आजोबा कचेरीतले, देवसिंगचा पॉलिटेक्निकपासूनचा दोस्त. इंग्रजी पत्रं त्याची, हातकाम देवसिंगचं. दुर्बिणीच्या प्रचंड ताटलीवर तिचे कान, म्हणजे संदेश टिपणारे रिसीव्हर, गार ठेवणारं यंत्र असतं. ते बंद पडलं की माणूस वर चढवावा लागतो. देवसिंगला अशी पेटी बनवायची होती, की यंत्र खालच्या खोलीतूनच चालू-बंद व्हावं, दाब आणि तापमानही तिथंच दिसावं. अट एकच, पण कडक: मोबाइलचा मागमूस नको. आकाशातले बारीक संदेश ऐकणाऱ्या दुर्बिणीला आपल्या खिशातला फोनसुद्धा ढोल वाजवल्यासारखा. सगळं काचेच्या तारेतूनच, म्हणजे ऑप्टिकल फायबरमधूनच, जायला हवं होतं.

पेटी पसंत पडली तर बनवणारा म्हणून देवसिंगचं नाव दुर्बिणवाल्या संस्थेच्या यादीत चढणार होतं. गडी त्यापायी येडा झाला. सवयीनं हात जाऊ नये म्हणून त्यानं सगळे मोबाइल मोडेम डब्यात भरून माझ्या शेडमध्ये आणून टाकले. पाच महिने पंपांची कामं परत पाठवली. बायको जमनी कावली, तर म्हणाला, "आजवर पंपवालाच राह्यलो. या कामानं माह्यं नाव होईन."

पेटी बसवायला श्रेयस एकटाच गेला. "तू कायले येतो? मी आहे ना," म्हणाला.

तीन आठवड्यांनी पेटी परत आली, सोबत पत्र. आत मोबाइल मोडेम सापडला होता, कित्येक दिवसांची निरीक्षणं वाया गेली होती. श्रेयसनं लेखी दिलं होतं की ही कारागिराची शेतपंपाची सवय. देवसिंगचं नाव कायमचं बाद.

देवसिंगनं पेटी उघडली. मोडेम खरंच होता, तारांच्या पट्टीमागे सरकवलेला. असा मोडेम त्यात भरलेल्या नंबरांचंच ऐकतो. त्यानं लॅपटॉप जोडला. एकच नंबर निघाला. तो त्यालाही पाठ होता, मलाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

संध्याकाळी श्रेयस आला. त्यानं नाकारलं नाही.

"दर वेळी तिकडं कोण जाईल? घरूनच बघता आलं असतं. त्यांना कळेल असं वाटलं नव्हतं."

"मंग माह्यं नाव काहून सांगतलं?"

"माझं सांगितलं असतं तर सगळीच कामं गेली असती. आणि खरं सांगू? तुझं नाव घेतलं, तर कोणी दुसरा प्रश्नच विचारला नाही."

मी उठलो होतो. देवसिंगनं माझा हात धरून मला खाली बसवलं.

"ते मले ओळखत नव्हते," तो म्हणाला. "तू ओळखत होता ना बे? लाव फोन. आताच सांग त्यायले."

श्रेयसनं फोन काढला, स्क्रीनकडे पाहिलं आणि परत खिशात ठेवला. "थोडे दिवस जाऊ दे," म्हणून गाडीत बसला. वीस वर्षांच्या दोस्तीची त्याला एवढीच किंमत वाटली!

दुसऱ्या दिवशी देवसिंगनं पत्रावरचा नंबर स्वतःच फिरवला. मी शेजारी बसलो होतो. त्यानं अडखळत, शक्य तितकं शुद्ध बोलत, पहिल्यापासून सगळं सांगितलं. पलीकडच्या बाईंनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं. मग अगदी आदरानं म्हणाल्या, "हे सगळं लेखी पाठवा. फक्त त्यावर श्रेयस साहेबांची सही घ्या."