रिओहाची वाइन आणि माझं मटण

मैत्रिणींनो, एकोणऐंशीव्या वर्षी नवऱ्याच्या जुन्या ओळखीवर जळायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं.

आज दुपारी जेवताना लेकीने स्पॅनिश रेड वाइन उघडली. आमच्या ह्यांनी एक घोट घेतला आणि लेबल न बघता म्हणाले, "रिओहाची आहे. टेम्प्रानिल्यो द्राक्ष. ही मटणाबरोबर घ्यायची, माशाबरोबर नाही."

"अहो, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"पिलारने." इतकं सहज.

पिलार म्हणे १९६३ साली इथे जर्मनीत, श्टुटगार्टच्या कारखान्यात ह्यांच्या शेजारच्या मशीनवर होती. हे तिथे प्रॅक्टिकुम, म्हणजे शिकाऊ उमेदवारी करत होते. दर रविवारी ती सगळ्यांसाठी मटण शिजवायची आणि गावाकडची ही वाइन आणायची. मटणात खोबरं नाही, लसूण आणि भाजलेली लाल ढोबळी मिरची.

माझा घास हातातच राहिला. ताटात तेच मटण होतं.

लग्न होऊन मी १९६७ला इथे जर्मनीत आले, तेव्हा ह्यांनी पहिल्याच महिन्यात हे करायला सांगितलं. मला वाटलं, सासूबाईंची पद्धत. दर वेळी हे म्हणायचे, "छान झालंय, पण ती चव नाही." आणि मी सासूबाईंवर जळायचे.

लेक तिच्या जर्मन-मिश्रित मराठीत म्हणाली, "आल्झो आई, साठ वर्षं झाली त्याला."

झाली असतील. पण त्या साठ वर्षांत मी चुकीच्या बाईवर जळत होते, आणि बरोबर बाईचा स्वयंपाक रांधत होते.

तुम्हीच सांगा, पुढच्या रविवारी मटणात खोबरं घालू ना?