टाका वर दिसता कामा नये

मशीनबाईला राग येतो असं म्हणणं चूक आहे. तो आलेलाच असतो. सकाळी तिच्याआधी उठतो, ती दात घासून येईपर्यंत वाट बघतो आणि मग दिवसभर तिच्या नाकावर बसून राहतो. नवरा बिचारा तिच्या शिलाई मशीनच्या आवाजावरून घरातलं हवामान ओळखतो. आवाज एकसारखा चालला असेल तर चहा मागावा. धाडधाड, मग शांतता, मग पुन्हा धाडधाड असं असेल तर स्वतःचा स्वतः करून घ्यावा आणि एक कप न बोलता तिच्या बाजूला ठेवून यावा.

काम तिचं गोट लावण्याचं. गोधडी असो, रजई असो, नाहीतर पोराचं दुपटं, मधलं सगळं दुसऱ्या कोणीतरी केलेलं असतं; चारी कडांना पट्टी लावून ते बंद करायचं काम हिच्याकडे येतं. सोपं वाटतं ना? बसून बघा एकदा. गोधडीच्या मध्ये ज्यानं जो घोळ घातला असेल तो सगळा सरकत सरकत कडेला येतो. कुठे कापड जास्त झालेलं, कुठे कापूस गोळा झालेला, कुठे कोपरा काटकोन सोडून भलतीकडेच निघालेला. ते सगळं ती बोटांनी दाबत, ओढत पट्टीखाली घेते, आणि तरीही कुठे एक सुरकुती राहिली की गिऱ्हाईक म्हणतं, गोट वाकडा लागलाय. नाचता येत नसतं त्यांना, आणि अंगण म्हणून वाकडी ठरते ही. मग चिडू नये तर काय करावं?

तरुणपणी ती कपड्यांच्या कारखान्यात होती. कारखाना बंद पडला तेव्हा तिथली मशीनं मोडीत निघाली. तिनं रांगेतलं आपलं मशीन ओळखून काढलं आणि घरी आणलं. दुसऱ्या मजल्यावर चढवताना नवऱ्याची कंबर धरली, ती अजून अधूनमधून धरते. मशीन खिडकीशी, आणि त्याला लागून जेवणाचं टेबल. मोठी गोधडी लोंबली तर ओझ्यानं सुईला ओढते आणि टाका तिरपा जातो, म्हणून ती टेबलावर पसरावी लागते. अशा दिवशी घरात जेवण जमिनीवर.

आता ताई. ताई म्हणजे हिची सख्खी मोठी बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी, हाताच्या टाक्यासाठी नावाजलेली. तिच्या गोधडीत गुंडाळली गेली नाहीत अशी पोरं त्या भागात कमीच. ताईचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा. तोंड मात्र त्या मापाचं नव्हतं. "मशीनचा टाका मेलेला असतो," ती चारचौघींत म्हणायची. "पाय हलवला की झालं. त्यात माणूस कुठंय?" हे धाकटीच्या देखत. हसायला बायका असायच्याच.

हेही धाकटीनं गिळलं असतं. बहिणी आहेत, बोलायच्याच. पण ताईला मुलगी झाली तेव्हा हिनं भाचीसाठी एक गोधडी केली, पहिल्यापासून शेवटपर्यंत मशीनवर, कारखान्यातली पाळी संपल्यावर तिथेच मागे थांबून, आणि गोट असा लावला की कोपऱ्यावर बोट फिरवलं तरी घडी कुठे आहे ते कळू नये. काही महिन्यांनी ताईकडे गेली तर ती गोधडी चौघडी करून टेबलावर घातलेली, आणि तिच्यावर ताई इस्त्री करतेय. मधोमध करपलेला डाग. धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं चपला घातल्या आणि ती चालती झाली. त्यानंतर दोघी समोरासमोर आल्या तरी "बरी आहेस ना" याच्या पुढे गाडी गेली नाही. ताईच्या घराची पायरी हिनं चढली नाही, आणि ताई तर मोठी. ती कशाला चढेल हिचा जिना?

तीच भाची आता अवघडलेली, एका दुपारी पोट सांभाळत, हातात भली मोठी पिशवी घेऊन वर आली.

"मावशी, आईनं पाठवलीय," ती धापा टाकत म्हणाली. "माझ्यासाठी केलीय, बाळ आणि मी दोघं मावू एवढी. गोट तेवढा राहिलाय. तिच्यानं होत नाही आता. बोटं आखडतात."

"मग?"

"म्हणाली, मावशीकडे दे."

मशीनबाईनं पायडलवरून पाय काढला. हे ऐकायला ती किती वर्षं थांबली होती ते तिचं तिलाच माहीत. पण भाचीचं वाक्य संपलेलं नव्हतं.

"फक्त, आई म्हणाली, मशीनचा टाका वर दिसता कामा नये. आणि कोणी विचारलं तर..."

"तर काय?"

"तर आईनंच लावलाय असं सांगायचं." भाचीनं मान खाली घातली. "मी नाही गं मावशी, ती म्हणाली."

"ती म्हणाली! अवघडलेल्या पोरीला जिना चढायला लावायचा आणि आपण घरात बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या! तिला म्हणावं..." तिला काय म्हणावं ते मशीनबाईच्या जिभेवर होतं, पण पोरीच्या कपाळावरचा घाम बघून तिनं ते आत ढकललं. "ठेव ती पिशवी. बस. पाणी पी. आणि उतरताना कठडा धर, पळू नकोस." पाणी देतानासुद्धा ती ओरडतच होती.

भाची गेल्यावर तिनं गोधडी टेबलावर पसरली. नवरा कामावर, खोलीत ती एकटी. गोधडी सुंदर होती, हाच तर खरा त्रास. निळे-पांढरे तुकडे, आणि त्यांच्यावरून टाके कसे ओळीनं चाललेले. वाईट असती तर निदान नाक मुरडता आलं असतं. मशीनबाई पुटपुटत एकेक कड तपासत गेली. एक कड ताईनं आत गुंडाळून वर टाचण्या लावल्या होत्या. तिनं टाचण्या काढल्या, कड उलगडली आणि बघतच राहिली.

तिथे गोट लावायला सुरुवात केलेली होती. हातानं. वीतभर. एक टाका इकडे, एक तिकडे, एक करंगळीच्या पेराएवढा, पुढचा कापडाला जेमतेम धरलेला. मध्ये मध्ये सुई बोटात गेल्याचे बारीक तपकिरी ठिपके. आधी तिला वाटलं, हे भाचीचं काम. त्या पोरीला कधी सुई धरता आली नाही. पण दोऱ्याच्या सुरुवातीला गाठ नव्हती. गाठीऐवजी एकावर एक तीन उलटे टाके होते, आणि अशी सुरुवात करणारी बाई तिच्या माहितीत एकच.

मशीनबाई खुर्चीत बसली. तिला कणव आली असं कोणाला वाटत असेल तर तसं काही नाही. तिला राग आला, आधीच्या रागाहून मोठा. बोटं इतकी गेली आणि या बाईनं सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही! वीतभर धडपडली, आपलंच आपल्याला उसवता येईना, म्हणून गुंडाळून लपवलं. आणि वर ऐट अशी की दुसरीचा टाका दिसायला नको! सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते हेच.

"दिसू नये काय? थांब, दाखवतेच," ती म्हणाली, ते मशीनलाच.

निळा दोरा काढून तिनं पिवळा ओवला, लांबून डोळ्यात घुसेल असा. ताईचे वाकडे टाके काढले नाहीत. मुद्दाम. ते जिथे संपत होते तिथेच तिनं सुई टेकवली आणि पुढे शिवायला लागली. ज्याला डोळे आहेत त्यानं बघावं, कुठला टाका मेलेला आणि कुठला जिवंत. पट्टी दुहेरी करून, तिची उघडी बाजू गोधडीच्या कडेशी जुळवून, एक बोट आतून शिवण. कोपरा एक बोटावर आला की थांबायचं, पट्टी वर दुमडायची, पुन्हा खाली आणायची, मग कोपरा आपला आपण घडीत बसतो. रागात शिवण बिघडते असं शिवणाऱ्या बायका सांगतात. हिची त्या दिवशी जास्तच सरळ चालली होती.

दुसरा कोपरा वळवून होतोय तोच जिन्यात पावलं वाजली. सावकाश, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. दार उघडंच होतं.

ताई दारात उभी राहून आधी दम खात होती. मग तिची नजर पिवळ्या दोऱ्यावर गेली, आणि त्याच्यावरून मागे सरकत त्या वीतभर टाक्यांवर.

"पिशवी पाठवली आणि मग लक्षात आलं," ती म्हणाली. "ते काढायचं राहिलं होतं."

"राहिलं होतं, की निघालं नव्हतं?"

ताईनं बोटं पदराखाली घेतली.

"मी नाही काढणार," मशीनबाई म्हणाली. "बाळाला बघायला सगळी गल्ली येईल ना? बघू दे त्यांना. तुझा टाका आणि माझा टाका, शेजारी शेजारी. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"धाकटे, लोक हसतील गं मला."

"हसू देत! मला हसत होते तेव्हा तू काय त्यांची तोंडं धरायला गेली होतीस? तूच हसवत होतीस. आणि माझी गोधडी कुठे घातलीस? इस्त्रीखाली! आठवतं तरी का?"

"आठवतं." ताईनं भिंतीला हात टेकला. "तेव्हा बोटं चालत होती माझी. म्हणून तोंडही चालत होतं."

यावर मशीनबाई आणखीच भडकली. ताई पुढे आली. टेबलावर टाके उसवायची आकडी पडली होती, ती उचलायला तिनं हात घातला, बोटं मिटेनात. आकडी घरंगळत खाली पडली. ताई वाकली. फरशीवर नखं घासली गेली, आकडी पुन्हा निसटली.

"सोड ते!" मशीनबाई ओरडली.

"मग तू उसव." ताई तशीच वाकलेली, तोंड खाली. "उसव आणि तिथेही मशीन मार. सगळीकडे मार. दिसलं तरी चालेल."

हेच. हेच तर ऐकायचं होतं तिला. मनातल्या मनात कितीदा तिनं ताईला हे म्हणायला लावलं होतं, आणि आपण ऐसपैस बसून "बघू, वेळ मिळाला तर" असं उत्तर दिलं होतं. आता ते खरंच कानावर आलं आणि त्यात कणभर गोडी नव्हती. तिनं आकडी उचलली, गोधडीची ती कड ओढून घेतली आणि दोऱ्याचं टोक मोकळं केलं. पुढे आकडी लागलीच नाही. दोरा ओढताच सगळाच्या सगळा सरकत हातात आला, ते तीन उलटे टाकेसुद्धा, आणि पट्टी सुटून खाली लोंबली.

दोघी त्या दोऱ्याकडे बघत राहिल्या. ताईनं मनगटानं डोळे पुसले.

"रडू नकोस!" मशीनबाई खेकसली. "पांढऱ्या कापडावर डाग पडेल." आणि तिचा स्वतःचाच आवाज फाटला, याचाही तिला संताप आला. कोणावर काढायचा होता हा राग? बोटांवर? एवढी वर्षं जपून ठेवलेलं भांडण, आणि आता ते काढावं तर समोरची बाई भांडायच्या अवस्थेत उरली नव्हती. ताईनं तिच्यावर केलेला हा सगळ्यात मोठा अन्याय होता.

तिनं पायानं एक खुर्ची टेबलाच्या पलीकडे सरकवली. गोधडी त्या बाजूनं खाली लोंबत होती.

"बस इथे. हात पुढे कर, दोन्ही. त्यांच्यावर ओझं घे नुसतं, त्याला बोटं लागत नाहीत."

ताईनं पुढे केलेल्या हातांवर गोधडी पेलली. मशीनबाईनं उसवलेली पट्टी पुन्हा कडेशी जुळवली, ती वीत पिवळ्या दोऱ्यानं शिवून टाकली, आणि गोधडी फिरवून राहिलेली बाजू सुईखाली घेतली. पुढचा कोपरा सुईजवळ आला.

"कोपऱ्यावर हळू," ताई म्हणाली.

"मला शिकवू नकोस."

"शिकवत नाही गं. बघतेय. तुला शिवताना कधी बघितलंच नव्हतं."

"आता बघतेस," मशीनबाई म्हणाली, "आता!" आणि सुई कापडात रुतवून ठेवून ती कोपऱ्यावरची पट्टी दुमडायला लागली.