डाव्या हाताखालची बटणं

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर पुसले जातात. फडक्यानं नाही, आतून. पूजेला बसणारी मशीन कोरी हवी, अशी मालकांची श्रद्धाच आहे. कॉम्प्युटरवाला येतो, ड्रॉइंगं पेनड्राइव्हवर काढून घेतो, बाकी सगळं उडवतो आणि सॉफ्टवेअर नव्यानं टाकतो. दुसऱ्या दिवशी मॉनिटरला झेंडूची माळ, कीबोर्डला हळदकुंकू. हे मी वर्षानुवर्षं बघत आले आणि कधी काही वाटलं नाही, कारण पुसलं जाण्यासारखं माझं तिथे काही नव्हतंच.

यवतमाळातलं हे छोटं ऑफिस. दिग्रस, नेरकडच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यांना लागणाऱ्या विजेच्या पॅनलांच्या आकृत्या आम्ही काढतो. कोणती तार कुठून निघाली, कोणत्या स्विचमधून कोणत्या मोटरला गेली, ते. काढणारे दोघं, मी आणि पलीकडच्या टेबलावरचा एक जण. वर मालक, त्यांना सगळे भाऊ म्हणतात. एकेका आकृतीत ढीगभर खुणा. प्रत्येक खूण मेनूत शोधायची, उचलायची, आणून ठेवायची. हे माऊसनं करून करून माझं उजवं मनगट कायमचं गेलं. डॉक्टर म्हणाले, माऊस सोडा. सांगायला काय जातं त्यांचं. माऊस सोडला की काम सुटलं, आणि मला दुसरं काही येत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये शॉर्टकट होते, नाही असं नाही. पण ज्यानं बसवले त्याचे दोन्ही हात धडधाकट असावेत. एक बोट इकडे कंट्रोलवर, दुसरं पार तिकडे. मग मीच सेटिंगमध्ये शिरले आणि एकेक बटण डाव्या हाताच्या टप्प्यात आणायला घेतलं. तार ओढायचं आधी करंगळीखाली दिलं होतं, ती संध्याकाळपर्यंत बधिर व्हायची, म्हणून ते पहिल्या बोटाखाली आणलं. मोटर, फ्यूज, स्विच शेजारी शेजारी. पुसायचं बटण तारेला चिकटून ठेवलं आणि एका पॅनलचा सत्यानाश झाला, तेव्हा ते कोपऱ्यात हाकललं. अख्खा उन्हाळा त्यात गेला. शेवटी उजव्या हाताला नुसता बाण हलवण्यापुरतं काम उरलं आणि मी घरी जाऊन पुन्हा भाकरी थापू लागले. मला त्याचा फार अभिमान होता. का नसावा?

भाऊ मागे उभे राहून बघायचे. "ताई, काम करून राह्यल्या का पेटी वाजवून राह्यल्या?" काम वेळेत होत होतं, म्हणून हसायचे. एकदा मी सुट्टीवर असताना ते स्वतः माझ्या मशीनवर बसले, तार ओढायला गेले आणि आकृतीत मोटर येऊन पडली. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात ते बसलं.

त्या वर्षी दसऱ्याआधी मी त्यांना सांगून ठेवलं, माझ्या बटणांची फाइल तेवढी काढून घ्या, लहानशी आहे. पेनड्राइव्ह त्यांच्याच खिशात असतो. ते हो म्हणाले, मी विसंबले. दसरा झाल्यावर मशीन उघडली, तारेचं बटण दाबलं, तर काहीच नाही.

"भाऊ, माही फाइल?"

"मीच नाई म्हनलं त्या कॉम्प्युटरवाल्याले. समद्या मशिनी आता एकसारक्या ठेवाच्या. उद्या तुमी नाई आल्या तं मी का करू?"

"मले चार दिवस द्या, पुन्हा बसवून घेते."

"कायले? बाकीचे करतेच ना."

"माहा हात दुखते, भाऊ."

"मंग आराम करा. मी कुठं नाई म्हनून राह्यलो?"

डोक्यात तिडीक गेली. गुपचूप एक तारेचं बटण परत बसवलं, तर दुसऱ्या दिवशी सेटिंगला पासवर्ड. पलीकडच्या टेबलावरचा सगळं बघत होता आणि आपल्या आकृत्या काढत होता.

कापूस यायला लागला, जिनिंगवाल्यांची घाई सुरू झाली. मी पुन्हा मेनूत हिंडायला लागले. मनगट सुजलं, आकृत्या मागे पडल्या, मग त्या एकेक करून पलीकडच्या टेबलावर गेल्या. मला प्रिंटरजवळची खुर्ची आणि फोन मिळाला. "तुमच्या हातासाठीच करून राह्यलो, ताई," भाऊ म्हणाले. या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

यंदाच्या दसऱ्याला त्यांनी तबक माझ्यापुढे धरलं. ऑफिसात बाईमाणूस मी एकटी, म्हणून कुंकू माझ्या हातानं लागावं. मी माझ्या जुन्या मशीनपाशी गेले, डाव्या हाताचं बोट कुंकवात बुडवलं आणि पूर्वी जिथे तारेचं बटण होतं तिथे टेकवलं.

"उजव्या हातानं, ताई."

"उजवा उचलत नाई, भाऊ."

त्यांनी खिशातला रुमाल काढला, बटण नीट पुसलं आणि स्वतःच्या हातानं कुंकू लावलं. मग सगळ्यांना पेढे वाटले. माझा मी डाव्या हातात घेतला.