बिननावाचं गवतयंत्र आणि तुमसरचे मिस्त्री

साकोली सोडून एसटी दक्षिणेला वळली आणि दोन्ही अंगांना धान सुरू झालं. पिकून वाकलेलं धान, मध्येच कमळांनी भरलेली एखादी बोडी (लहान तळं), की पुन्हा धान. सांगलीकडे उसात चार हातांपलीकडचं दिसत नाही. इथे मी खिडकीला नाक लावून बसलो होतो.

लाखांदूरला दाजी घ्यायला आले. उजवा हात गळ्यात बांधलेला. "गोठ्यात घसरलो," एवढंच म्हणाले. ताईकडे बारा म्हशी. नुसत्या तणसावर (धानाच्या पेंढ्यावर) त्या दूध देत नाहीत, आणि कुरणातलं गवत आठ-दहा दिवसांत कापलं नाही तर काड्याच उरतात. मजूर सगळे धानात. भिस्त होती ती बंद पडलेल्या एका फार्मवरून दाजींनी आणलेल्या, ट्रॅक्टरमागे जोडायच्या जुन्या गवतकापणी यंत्रावर. मी आयटीआयमध्ये फिटरचा मास्तर होतो, म्हणून ताईने मला बोलावलं होतं.

यंत्र पाहिलं. लांब लोखंडी पट्टी, तिच्यावर रिबेटने (ठोकून पक्क्या केलेल्या खिळ्यांनी) बसवलेली त्रिकोणी पाती आणि पुढे बोटांसारखे दात. पात्यांची ही पट्टी दातांमधून मागेपुढे सरकवणारा दांडा चक्क लाकडाचा होता, आणि मधोमध मोडलेला. कंपनीच्या पाटीच्या जागी नुसती दोन भोकं. हे कुठलं, कधीचं, मला काहीच सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी एक झिजलेलं पातं, एक दात आणि दांड्याचे दोन तुकडे पोत्यात घालून आम्ही निघालो.

"काय आहे जी पोत्यात?" कंडक्टरने विचारलं.

"यंत्राचे दात," मी म्हणालो.

"चावत नाही ना?" असं म्हणत त्याने तिकीट फाडलं.

भंडाऱ्यात तर्री-पोहे खाऊन जवळचंच शहापूर गाठलं. तिथल्या हायवेवरच्या गॅरेजवाल्याने पातं उलटसुलट केलं. "याचं सामान नाही भेटत आता. भंगारात टाका." दाजींनी डाव्या हाताने पोतं उचललं. ते पाहून तो मागून म्हणाला, "तुमसरले जा. राइस मिलात यादवराव मिस्त्री आहेत. त्याइले दाखवा."

तुमसरची ती मिल कोंड्याच्या धुळीने पांढरी झाली होती. यादवराव सत्तरी ओलांडलेले, दृष्टी मंदावलेली. मी मोबाइलवरचे फोटो पुढे केले. त्यांनी ते बाजूला सारले आणि पातं हातात घेऊन कडेवरून, भोकांवरून अंगठा फिरवला.

"याले आमी मोवर म्हणो," ते म्हणाले. "हार्वेस्टरचा आजा होय हा."

"कुठल्या कंपनीचा?"

"नाव नाही माहीत जी. काम माहीत आहे."

ते आम्हाला शेजारच्या दुकानात घेऊन गेले आणि धान कापायच्या हार्वेस्टरचं नवं पातं मागून घेऊन आमच्या पात्यावर ठेवलं. कडेला कड लागली. भोकावर भोक आलं. कुठल्या देशात, कधी ओतलेलं ते लोखंड, आणि त्याची भोकं तुमसरच्या दुकानातल्या पात्याशी जुळावीत! मी ते दोनदा उजेडात धरून पाहिलं.

दांडा मात्र लोखंडाचा करू, असं मी सुचवलं. यादवरावांनी मान हलवली.

"नको जी. दगड अडकला तं काहीतरी मोडलंच पाह्यजे. लाकूड मोडते, यंत्र वाचते."

इतकी वर्षं मी पोरांना यंत्रं शिकवली, आणि हे मला सुचलं नव्हतं. त्यांच्या ओळखीच्या वाढयाने (सुताराने) धावड्याचं लाकूड तासायला घेतलं. तोवर यादवरावांनी आम्हाला घरी नेऊन भात आणि लाखोरीच्या डाळीचे वडे वाढले.

तिसऱ्या दिवशी सकाळी यंत्र जोडलं. दाजींचा हात बांधलेला, मला ट्रॅक्टर येत नाही. ताईने पदर खोचला आणि स्टिअरिंगवर बसली. ती ट्रॅक्टर चालवते, हे मला ठाऊकच नव्हतं. कटकट असा एकसुरी आवाज सुरू झाला आणि कमरेएवढं गवत तिच्या मागे अलगद आडवं होत गेलं. दाजी बांधावर उभे होते, मी त्यांच्या शेजारी. मी मोबाइल काढून तो आवाज टिपून घेतला.

परतीची गाडी तुमसर रोडहून होती, म्हणून वाटेत यादवरावांना भेटलो. यंत्र चाललं म्हणून सांगितलं, तर त्यांनी एकच विचारलं, "आवाज कसा येऊन राहिला?" मी मोबाइलवर टिपलेला आवाज ऐकवला. डोळे मिटून त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला.

"एका पात्याचा रिबेट ढिला आहे. तुमच्या दाजीले सांगा, उद्या चालवायच्या आधी पाह्यजा म्हणा."

मी फोन केला. गाडी नागपूरच्या अलीकडे असताना दाजींचा उलटा फोन आला. "होता जी ढिला. दाबून घेतला."

प्रवासाहून आलं की लोक विचारतात, काय पाहिलंस? मी भंडाऱ्याची तळी पाहिली, क्षितिजापर्यंतचं धान पाहिलं. पण कुणी विचारलं, तर मी आधी त्या मिटलेल्या डोळ्यांबद्दल सांगतो.